गाडीचा विमा थकत नसतो



"गाडीच्या विम्याचा हप्ता यंदा जरा मागे पडलाय. सोयाबीन विकलं की भरून टाकू." हे वाक्य गावोगाव सहज ऐकू येते. बोलणारा माणूस काही लबाड नसतो, पैशाची ओढाताण खरीच असते. पण या वाक्यात एक गैरसमज आहे, आणि तो फार महागात पडतो. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आपल्याला सवय आयुर्विम्याची. तिथे वर्षाचा हप्ता राहिला तर सवलतीचे तीस दिवस मिळतात, महिन्याचा असेल तर पंधरा, आणि तेवढे दिवस विमा चालू धरतात. सोसायटीच्या कर्जाचेही तसेच. उशीर झाला तर व्याज चढते, पण नाते तुटत नाही. म्हणून 'थकला' हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. गाडीच्या विम्याला तो लागू पडत नाही. पैसे आगाऊ आल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही, असे १९३८ चा विमा कायदा कंपनीला बजावतो. विमापत्रावर जी अखेरची तारीख असेल त्या रात्री बारा वाजता करार संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कंपनीचे थकबाकीदार नसता, तुम्ही तिचे कोणीच नसता.

अपघात झाल्यावर धावत जाऊन विमा उतरवणारेही काही महाभाग आहेत. विमापत्रावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते, आणि वेळ लिहिलेली असेल तर जोखीम त्या घटकेपासूनच धरायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा दाखला आहे. दहा वाजता धडक आणि बारा वाजता विमा, याचा उपयोग शून्य.

आता कोणी विचारील, विमा नसला तर होते काय? पोलिसांनी पकडले तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दंड चार हजार. लोक या दंडालाच भितात. खरे म्हणजे त्या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

समजा, विमा संपलेल्या गाडीखाली एक माणूस गेला. तीस वर्षांचा गवंडी, महिन्याची कमाई बारा हजार, घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढते ते पाहा. शिक्षक बंधू-भगिनींना हे गणित वर्गात फळ्यावरही मांडता येईल. स्वतःच्या कष्टावर जगणारा, चाळिशीच्या आतला माणूस. म्हणून पुढे वाढली असती अशी कमाई शेकडा चाळीस धरायची. झाले महिना १६,८००, वर्षाचे २,०१,६००. त्यातला चौथा हिस्सा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा केला की उरले १,५१,२००. या वयाला गुणक सतरा. गुणाकार येतो २५,७०,४०० रुपये. अंत्यविधी वगैरेंचे वेगळे, आणि वर व्याज.

विमा चालू असता तर हे पंचवीस लाख कंपनीने दिले असते. मृत्यू किंवा इजा झाली तर तिसऱ्या माणसाच्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादाच घातलेली नाही. आणि यासाठी हप्ता किती? २०२२ साली ठरलेल्या दराने, हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाचे २,०९४ रुपये, नेहमीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या फटफटीला ७१४, अधिक कर.

विमा नसेल तर रक्कम मालकाने द्यायची. "माझ्याजवळ नाहीत" म्हणून सुटका होत नाही. मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद आहे की न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. गोष्ट मोटारीची, पण ती सातबाऱ्यावर येऊन थांबते. गाडीही सहजी सुटत नाही. मालकाने पुरेसे तारण दिले नाही तर तीन महिन्यांनी तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असा नियम आहे.

आणि त्या गवंड्याची बायको? तिच्या हाती निकालाचा कागद असतो. मालकाला जमीनच नसेल, किंवा ती आधीच गहाण असेल, तर त्या कागदावर ती मुलांना काय खाऊ घालणार? आपण सक्तीच्या विम्याला सरकारची कटकट म्हणतो. तो मुळात रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे, गाडीवाल्यासाठी नंतर.

आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान ही दुय्यम बाब. त्यासाठी जो जादा विमा असतो त्यात खंड पडला की कंपनी आधी गाडी तपासते, मग पुढचे बोलते. नव्वद दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सूटही जाते. वर्षानुवर्षे जपून चालवणाऱ्याची ती पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेली असते, बरं का!

पुष्कळदा पैसे असूनही विमा संपतो, कारण ध्यानातच येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा तिसऱ्या माणसाचा विमा घेतानाच काढावा लागतो. सोय चांगली, पण इतक्या वर्षांत कागद ट्रंकेच्या तळाशी जातो. मोटारीचा जादा विमा तर बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि मालक समजतो की तीन वर्षे सारे काही ठीक आहे. दुसरे, बँकेचे हप्ते चालू आहेत म्हणजे विमाही बँकच भरते, ही समजूत. आणि तिसरे, चेक. तो वटला नाही आणि कंपनीने विमा रद्द करून तसे कळवले, की त्यानंतरच्या अपघाताची जबाबदारी कंपनीवर राहात नाही.

राहिला प्रश्न विकलेल्या गाडीचा. "ती तर मी दोन वर्षांपूर्वीच दिली," असे सांगून भागत नाही. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी नाव तुमचे असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमा भरला नाही, गाडी कोणाच्या अंगावर घातली, तरी नोटीस तुमच्याच घरी येईल. तेव्हा गाडी देताना पैसे मोजून घेता तसेच नाव बदलण्याच्या अर्जांवर सह्या करून घ्या, आणि नाव बदललेले नोंदणीपुस्तक डोळ्यांनी पाहीपर्यंत विमा आपणच चालू ठेवा.