'तुरळक ठिकाणी' म्हणजे कोणाच्या वावरात?
(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



शिमगा जवळ आला की विदर्भात गारपिटीचे दिवस येतात. ज्वारी कापून पडलेली, कडबा वावरात, शेवटच्या वेचणीचा कापूस अंगणात. वर्षभराचा घाम असा उघड्यावर असतानाच उपसागराकडचे दमट वारे आणि पश्चिमेकडची कोरडी हवा आपल्या डोक्यावर भिडतात. 2014 साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत काय झाले, ते कोणी विसरलेले नाही.

हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडणे सोपे. शेतकीची पदवी असून आम्हीही मोडली. पण सोनेगावचे केंद्र 'तुरळक ठिकाणी गारपीट' म्हणते, तेव्हा 100 पैकी 25 ठिकाणांपर्यंत, एवढाच त्याचा अर्थ. गारांचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात कणीस राहत नाही, नाल्यापलीकडे पान फाटत नाही. चार दिवस आधी गावाचे नाव कोणी सांगू शकत नाही. (वसुलीची नोटीस तेवढी गटनंबरासकट येते!) रडारवर ढग दिसल्यावर तीन तासांपुरता इशारा निघतो, तोच कामाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातले टाकून हला. आमचे म्हणणे, नारिंगीलाच सुडीवर ताडपत्री आणि कापूस घरात. भिजून कवडी झालेल्या कापसाला व्यापारी काय भाव देतो, ते तुम्हीच आम्हाला सांगा.

आणि वेचणीच्या बायांना झाडाखाली जाऊ देऊ नका. वीज चमकल्यापासून 30 आकडे मोजायच्या आत गडगडले, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्के घर गाठा.

आता सरकारकडचा हिशेब. मंडळातले स्वयंचलित यंत्र पाऊस, वारा, तापमान मोजते, गार मोजत नाही. यंत्र एका गावात, गारा दुसऱ्या गावात, कागद कोरडा. 2015 पासून मदतीला 33 टक्के नुकसानीची अट आहे, म्हणजे सगळे पंचनाम्यावर. जिल्ह्याजिल्ह्यांतून सल्ला देणारी कृषी हवामान केंद्रे होती, ती 2024 साली बंद केली. तीन तासांचा इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर वाजला पाहिजे, ही मागणी आज ठरावात घालू.

तोवर गारा पडल्या तर वितळायच्या आत ताटात घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्या.