परवाना गिऱ्हाइकाचा, चावीही त्याचीच

(वसंत व्याख्यानमालेत लातूर येथे दिलेले व्याख्यान)



खताच्या दुकानाची गोष्ट लातूरकरांना फोड करून सांगावी लागत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याचे नुसत्या परवान्यावर भागत नाही. ज्या कंपनीचे खत विकायचे, तिचे उगम प्रमाणपत्र लागते. १९८५च्या खत नियंत्रण आदेशातला ‘ओ फॉर्म’ तो हाच. कंपनीने तो दिला नाही, तर दुकान आपले, गिऱ्हाईक आपले, पण ते खत विकता येत नाही. पुढे दुकानदाराच्या शिक्षणाचीही अट आली. केस पांढरे झालेले दुकानदार हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने आखलेल्या ‘देसी’ पदविकेसाठी वह्या घेऊन पुन्हा वर्गात बसले.

मी २६ वर्षे नांदेडात सॉफ्टवेअर विकतो. आमच्या धंद्यात आता तेच चालले आहे, आणि त्याचा संबंध फक्त आम्हा विक्रेत्यांशी नाही. तुमच्या पेढीचा हिशेब, तुमचा मेल, तुमच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी यांच्याशीही आहे. म्हणून हा विषय मी या व्यासपीठावर आणला.

आम्ही नेमके करतो काय? सॉफ्टवेअर तयार होते बंगळुरूला, पुण्याला, नाहीतर अमेरिकेत. मोंढ्यातल्या आडतीवर, डाळमिलच्या ऑफिसात, एमआयडीसीतल्या कारखान्यात ते चालते करून देतो आम्ही. १ एप्रिल २००५ला राज्यात व्हॅट आला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस लागू झाले. दर वेळी मुनीमजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला माणूस कंपनीचा नव्हता, गल्लीतल्या दुकानाचा होता. रोजमेळ आणि खतावणीत उभी हयात गेलेल्या माणसाला पडद्यावर तीच खतावणी ओळखीची करून देणे, हे काम फोनवर होत नाही.

पूर्वी कंपनीशी नाते सोपे होते. करारावर सही करायची, वितरकाकडून माल उचलायचा, डबा गिऱ्हाइकाला द्यायचा. आता सॉफ्टवेअर वर्गणीवर मिळते, क्लाऊडवर चालते, आणि ते विकण्याचा अधिकार पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२५पासूनच्या मायक्रोसॉफ्टच्या अटी पाहा. कंपनीकडून थेट घेऊन विकायचे, तर मागच्या बारा महिन्यांत क्लाऊड वर्गण्यांची दहा लाख डॉलरची विक्री हवी, म्हणजे आठ कोटी रुपयांहून जास्त. वितरकामार्फत विकणाऱ्या आमच्यासारख्यांना एक हजार डॉलरची अट आहे. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ला व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी ताब्यात घेतल्यावर तर जुने भागीदारी कार्यक्रम बंद केले आणि २०२४मध्ये ज्याला आमंत्रण, त्यालाच आत घेतले.

एक हजार डॉलर ही रक्कम ऐकायला मोठी नाही. पण आमचे दुकान एका कंपनीवर चालत नाही. कुणाला हिशेबाचे सॉफ्टवेअर द्यायचे, कुणाला अँटिव्हायरस, कुणाला चार मेलखाती. सगळ्याची बेरीज केली की घर चालते. प्रत्येक कंपनीने आपापल्यापुरते मोजले, की आम्ही सगळीकडेच कमी भरतो. आपला शेतकरी दोन एकरांत सोयाबीन घेतो, त्यात तुरीच्या ओळी धरतो, रब्बीला हरभरा पेरतो. त्याला कुणी म्हटले, की प्रत्येक पिकाचे अमुक क्विंटल निघाले तरच तू शेतकरी, तर ते आपल्याला पटेल का?

तरीही कंपन्यांना दोष देऊन मी खाली बसणार नाही, कारण या कडकपणामागे एक खरे कारण आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीवरच्या सायबर हल्ल्यामागच्याच टोळीने त्या वर्षीच्या मेपासून १४०हून अधिक पुनर्विक्रेते आणि सेवा पुरवठादार लक्ष्य केले होते, आणि त्यांतल्या १४ जणांपर्यंत तिला शिरकाव करता आला असावा. गिऱ्हाइकाची भिंत फोडण्यापेक्षा त्याच्या चाव्या सांभाळणाऱ्याला गाठणे चोराला सोपे पडते. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘कासेया’च्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला आणि स्वीडनमध्ये ‘कोऑप’ या सहकारी साखळीची शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. कोऑप कासेयाचे गिऱ्हाईकही नव्हते. ते सॉफ्टवेअर तिच्या पुरवठादाराकडे होते.

चावी सांभाळण्यात मीही चुकलो आहे. एका डाळमिलचा मेल मी सुरू करून दिला. मालकांना इंग्रजीचा त्रास नको, म्हणून मुख्य खाते माझ्या नावाने काढले, पासवर्ड माझ्या डायरीत लिहिला. तेव्हा ती मला सेवाच वाटली. पुढे मी आजारी पडून हैदराबादला दवाखान्यात होतो आणि नेमकी त्याच आठवड्यात वर्गणी संपली. मेल बंद. मद्रासच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या. मालकांनी वितरकाला फोन केला, तर उत्तर मिळाले, की खाते तुमच्या नावावर नाही. तीन दिवसांनी ते दवाखान्यात आले. आधी तब्येत विचारली. मग हलक्या आवाजात म्हणाले, “भाऊ, पेढी आजोबांच्या वेळची आहे. तिचं कुलूप आमच्याकडं नसावं का?”

मला उत्तर देता आले नाही. कंपन्यांच्या सुरक्षेच्या अटींवर मी तोवर रागावत असे. त्या दिवशी कळले, की माझ्याकडून चुकलेल्या गोष्टीचीच ती कलमे होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. गिऱ्हाइकाच्या चाव्या विक्रेता कशा सांभाळतो, हे कंपन्यांनी जरूर तपासावे आणि कडकपणे तपासावे. पण किती डॉलरचा माल खपवला, यावरून विश्वास मोजू नये. मोठी विक्री करणाराही निष्काळजी असतो आणि छोटा दुकानदारही चोख असतो. अधिकार काढायचाच, तर लेखी कारण द्यावे, सुधारायला मुदत द्यावी. कंपनीच्या अधिकारपत्राशिवाय सरकारी निविदांमध्येही आमचे पाऊल पुढे पडत नाही. असा कागद एका सूचनेसरशी रद्द होणे योग्य नाही.

आणि आपण विक्रेत्यांनी काय करायचे? पहिले, प्रत्येक परवाना गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच मेलवर. मुख्य खाते त्याचे, आपल्याला लागेल तेवढीच आणि मुदतीची परवानगी. प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी. दुसरे, एकत्र या. नांदेड, लातूर, उदगीर, परभणी इथल्या दहा दुकानांनी मिळून २००८च्या कायद्याखाली एक एलएलपी काढली आणि खरेदी एकाच खात्यावर केली, तर किमान विक्रीची अट आवाक्यात येते. कंपन्यांच्या परीक्षा दिलेली दोन मुले सगळ्यांसाठी नेमता येतात. पुण्याला हिंजवडीची वाट धरणाऱ्या मुलांना इथेच काम मिळेल. मात्र एक खाते म्हणजे एकाच्या चुकीने दहा दुकाने बंद. तेव्हा शिस्त आधी कागदावर उतरवा, भागीदारी मग करा. सहकारावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राला हे नवे नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदा त्या डाळमिलवर गेलो. मालकांच्या मुलीला शेजारी बसवले, मुख्य खाते तिच्या नावावर केले, तिने नवा पासवर्ड ठेवला आणि तो मी विचारला नाही. मग माझ्या डायरीतले ते पान फाडले. डायरीत अशी आणखी ४१ पाने निघाली. ती रिकामी करायला मला पाच महिने लागले. या काळात एकाही गिऱ्हाइकाने मला सोडले नाही. सभागृहात जे विक्रेते बसले आहेत, त्यांनी आज दुकानाचे शटर ओढण्याआधी आपली डायरी उघडून पाने मोजावीत. जे व्यापारी आहेत, त्यांनी उद्या सकाळी आपल्या माणसाला न रागावता विचारावे, आमची चावी कुणाकडे आहे?