चौथीचा पाव, सहावीचा गुणाकार

चौथीत पाव-अर्धा-पाऊण, पाचवीत सममूल्य अपूर्णांक, सहावीत त्यांचा गुणाकार-भागाकार. भाकरीचे चतकोर तुकडे करून चौथीतच पाव उमगला नसेल, तर सहावीचे गुरुजी करणार तरी काय? म्हणूनच जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी केंद्राची शिक्षण परिषद फार मोलाची. आसपासच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. वार्षिक नियोजन समोर ठेवून मुलं नेमकी कुठे अडतात, हे एकमेकांना सांगू शकतात. दोनशिक्षकी शाळेला तर हा मोठाच आधार. जवळच्या शाळांना असं एकत्र जोडणाऱ्या शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात मांडली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ती उचलून धरली. मात्र परिषदेत परिपत्रकं वाचण्यातच दुपार सरली, तर पुढच्या इयत्तांचा विचार राहूनच जातो. केंद्रप्रमुखांनी त्यासाठी एक तास राखून ठेवावाच.