नंबरप्लेटची नोंद किती दिवस?



रत्नागिरीहून काळबादेवी मागे टाकून गाडी आरे-वारेच्या चढणीला लागली की डाव्या हाताला समुद्र दिसतो. पुढे नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे. पर्यटकाला ही सहल असते. नेवऱ्याच्या माणसाला मात्र डॉक्टरकडे, कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या सासरी जायची ही जवळची वाट. अशा वाटेवर नंबरप्लेट वाचणारा एकच कॅमेरा बसवला, तरी कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा दावा चालू आहे, हे महिन्याभराच्या नोंदींवरून ताडता येईल.

कॅमेरा फोटो काढतो, त्यातला नंबर संगणक वाचतो आणि चोरीच्या, हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतो. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. ठोकर मारून पळालेली गाडी सापडायलाच हवी. 1993 साली याच कोकण किनाऱ्यावर, रायगडातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली होती, हेही आपण विसरलेलो नाही. प्रश्न आहे तो यादीत नसलेल्या गाडीचा. तिची वेळ आणि जागा जपून कशाला ठेवायची?

पाळतीचा प्रश्न न्यायालयात पूर्वीही आला होता. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांच्यावर पोलिसांची पाळत होती. 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांचं रात्री-अपरात्री घरी येणं बंद केलं, पण त्यांच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवायला हरकत घेतली नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क गमावत नाही, असंही त्या निकालात आहे. रस्तासुद्धा त्यात आलाच.

मोटार वाहन नियमांत 2021 साली कॅमेऱ्यावरून निघणाऱ्या चलानांसाठी 167अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या अलीकडे सूचनाफलक हवा, नोटीस 15 दिवसांत जायला हवी, चलान निकाली निघेपर्यंत नोंद ठेवायची. ज्यानं नियम मोडलाच नाही, त्याची नोंद कधी पुसायची, हेही इतक्याच स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असायला हवं. ब्रिटनमध्ये पोलीस अशी नोंद वर्षभरापर्यंत ठेवतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं 2008 साली सांगितलं, की यादीशी न जुळलेला नंबर ताबडतोब पुसायचा. मला जर्मनीची रीत पटते.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात गुन्ह्याच्या तपासासाठी मोठी सूट आहे, म्हणून त्या कायद्यावर विसंबून राहता येणार नाही. गावात कॅमेऱ्यांचा विषय निघाला, की कुठल्या खांबावर बसणार याबरोबरच ग्रामसभेत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: नोंद किती दिवसांनी पुसणार? आणि जुनी नोंद उघडून पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि कारण कुठे लिहून ठेवणार?