रेडिओवरचे गाणे आणि तुमची वही



आज आम्ही तुम्हांला गीतरामायणाची हकिकत सांगणार आहोत.

साल १९५५. त्या वर्षी १ एप्रिलला रामनवमी होती. त्या दिवशी पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. मूळ कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची. गीते रचली ग. दि. माडगूळकरांनी. चाली लावल्या सुधीर फडक्यांनी. आठवड्याला एक नवे गीत असे. पुढच्या रामनवमीपर्यंत ५६ गीते झाली.

रेडिओत काही दिसत नाही. नट नाही की पडदा नाही. सगळी भिस्त कानावर. म्हणून शब्द न् शब्द स्पष्ट लागतो. वाद्ये मोजकीच ठेवली. प्रभाकर जोग व्हायोलिन वाजवीत. वाद्यांचा गलबला नसल्यामुळे अडाणी माणसालाही अर्थ कळे. कधी कौसल्या बोले, कधी भरत, कधी शूर्पणखा. शूर्पणखेची गोष्ट तर आपल्या पंचवटीतली, गोदाकाठची. सगळे नाशिककर ती लहानपणापासून ऐकतात.

त्या काळी घरोघर रेडिओ नव्हता. जुनी माणसे सांगतात, ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओट्यावर सारी आळी जमायची. कोणी रेडिओला हारही घालीत.

पण मंडळी, गाणे संपले की वाऱ्यावर गेले! आजच्यासारखा मोबाइल नव्हता. आकाशवाणी पुन्हा लावील तेव्हाच ते ऐकायला मिळणार. ज्याला लिहिता येत होते, त्याला शब्द उतरवून घेता येत होते. ज्याला येत नव्हते, त्याच्याजवळ आठवेल तेवढेच राहिले. पुढे १९५७ साली ही गीते पुस्तकात छापली गेली. म्हणून आज तुम्हीही ती वाचू शकता.

आता आपल्या घरात पाहा. आपल्या आयाबायांनी पहाटे जात्यावर किती ओव्या म्हटल्या! त्यांत राम होता, सीता होती, माहेर होते, पोटच्या लेकरांचे कौतुक होते. मग गावात पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही मुकी झाली. आता ती एखाद्या म्हातारीच्या तोंडीच उरली आहे. तिच्या ओव्या छापायला कोण येणार? ते काम तुमचेच.

आज रात्री तिच्याजवळ बसा. म्हणा, "आजी, एक ओवी सांग. सावकाश सांग." ती सांगेल तशी लिहा. वर तिचे नाव घाला, तारीख घाला. मग तिला वाचून दाखवा. काही चुकले असेल तर ती सांगेलच.

आपले अक्षर वेडेवाकडे आहे, असे म्हणून थांबू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. ते उद्या सुधारता येईल. म्हातारी गेल्यावर ओवी कुठून आणाल?