चीक कोणाचा?



आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्या दारी आले. त्याहून कितीतरी जुने औषध चाकणकडच्या गोठ्यांत असते, ते म्हणजे व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक. पण पुष्कळदा तो वासराआधी खरवसाच्या भांड्यात जातो!

रोगाशी लढणाऱ्या पेशी वासराच्या अंगी गर्भातच तयार होऊ लागतात. पण त्यांना जंतूंची ओळख नसते. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून जन्माआधीच मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती जात नाहीत. सारी शिदोरी चिकात. शिवाय वासराचे आतडे ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेते ते जेमतेम पहिला दिवस, आणि तेही तासागणिक कमी कमी. नंतर पाजलेला चीक नुसता पचून जातो.

तरीही ‘वार पडल्याशिवाय पाजू नये’ असे सांगणारे भेटतात. वार पडायला कित्येक तास लागतात. तोवर वासराने काय करावे? त्याला पहिल्या दोन तासांतच पाजावे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, पोटात गेला पाहिजे. खरवस मलाही आवडतो, पण तो उरलेल्या चिकाचा.

पुढे वासरू स्वतःची प्रतिपिंडे करू लागते. लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्याच्या सुमारास देतात, कारण आईची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असताना लस नीट लागू पडत नाही.