कापसाच्या गंजी, विमा आणि ब्रोकर

दसरा उलटला, कीं जळगांव-धुळ्याकडील जिनांच्या आवारांत कापसाच्या गंजी उभ्या राहूं लागतात. त्यांत जिनवाल्याचें स्वतःचें भांडवल असतें, बँकेचें कर्ज असतें आणि कित्येक शेतकऱ्यांचे चुकते व्हावयाचे पैसेही असतात. कापसाबरोबर एखादा खडा वा खिळा यंत्रांत गेला, तर घर्षणानें उडालेली ठिणगी हें सारें भस्मसात् करण्यास पुरेशी होते. म्हणून विमा उतरविणें शहाणपणाचें खरें. परंतु विमा आहे एवढ्यावरच निश्चिंत राहणें धोक्याचें होय.

श्रोत्यांनीं एक हिशेब पाहावा. समजा, आवारांत १० लाख रुपयांचा माल आहे आणि हप्ता वांचविण्यासाठीं मालकानें विमा ५ लाखांचाच उतरविला आहे. आगींत २ लाखांचा कापूस जळाला. मालकास वाटतें, २ लाख तर ५ लाखांच्या आंतच आहेत, तेव्हां सारे मिळतील. परंतु आगीच्या विम्यांत सरासरीचें कलम असतें. विमा अर्ध्या किंमतीचा, तर भरपाईही अर्धीच, असा त्याचा अर्थ. हातीं १ लाख येतो. उरलेला १ लाख मालकानेंच सोसावयाचा. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठीं जे ठराविक विमे सुरू झाले, त्यांत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नव्हे.

अशा ठिकाणीं जाणत्या मध्यस्थाचें मोल कळतें. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधि. ब्रोकर हा ग्राहकाचा. भारतांत ब्रोकरांना परवाने देण्याचे नियम २००२ सालीं झाले. त्यानें अनेक कंपन्यांचे दर आणि अटी ताडून पाहाव्यात, व नुकसान झाल्यावर दाव्याच्या कामींही साह्य करावें, अशी अपेक्षा असते. त्याची दलाली बहुधा कंपनीच देते. ती किती, हें विचारण्यांत ग्राहकानें संकोच धरूं नये.

चांगला ब्रोकर प्रथम हप्ता सांगत नाहीं. प्रथम प्रश्न विचारतो. ऐन हंगामांत माल किती चढतो? उन्हाळ्यांत किती उरतो? गंजी उघड्यावर कीं छपराखालीं? गांठी दुसऱ्याच्या वखारींत ठेवल्या आहेत काय? माल चढता-उतरता असेल, तर दरमहा सांठा कळविण्याचा, आणि वर्षअखेर हिशेबानें हप्त्याचा कांहीं भाग परत मिळण्याचा विमा तो सुचवितो. ग्राहकानेंही पूर्वीची आग लपवूं नये. विम्याचा करार परस्परांच्या संपूर्ण विश्वासावर उभा असतो, आणि लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळींच नडते.

एका विम्याचा न्याय दुसऱ्यास लावूं नये, हेंही ध्यानीं असावें. रावेर-यावलकडील केळीचा हवामानावर आधारलेला पीकविमा शासकीय योजनेंतून मिळतो. तेथें थंडी-उष्णतेबद्दलची भरपाई बागेंतील प्रत्यक्ष हानीवर ठरत नाहीं. थंडी वा उष्णता यांनीं ठरलेली मर्यादा ओलांडली, अशी नोंद हवामान केंद्रावर झाली पाहिजे. गारपिटीसाठीं मात्र जादा संरक्षण वेगळें घ्यावें लागतें.

तात्पर्य, हप्ता किती, हा प्रश्न शेवटचा. कशाचा विमा, किती किंमतीचा आणि कोणत्या प्रसंगीं भरपाई नाहीं, या तीन गोष्टी विमापत्रांत स्वतः वाचून, न उमजलेलें ब्रोकराकडून लेखी समजावून घ्यावें. गंजी पेटल्यावर कलमें वाचून उपयोग नसतो.